शंभरातले सात

एक्स-रेच्या खोलीऐवजी जयराम चुकून लॅबोरेटरीत शिरला. ब्याऐंशी साल, शालिमार चौकाजवळचं हॉस्पिटल. कोमट पाण्यात धरलेल्या रक्ताच्या काचनळीवरची नजर न काढता तिथल्या तंत्रज्ञ विमलनं त्याला थांबायची खूण केली. नळीत गुठळी धरली, तिनं स्टॉपवॉच दाबलं, आकडा लिहिला... मग वर पाहिलं.

"तेरा सेकंद उभं केलंत," तो म्हणाला.

"साडेतेरा."

तो हसला. सायखेड्याच्या शाळेत तो गणित शिकवायचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप बिघडली; आता जिना चढला की ओठ निळसर पडायचे. तपासणीला आला की दार चुकायची त्याला सवयच लागली.

घरी सगळे म्हणत, काही होत नाही. म्हणून एकदा त्यानं तिलाच विचारलं, "झडप बदलली तर शंभरातले किती घरी येतात?"

मुंबईच्या सर्जननं सांगितलेला आकडा तिला ठाऊक होता. "त्र्याण्णव," ती म्हणाली. पुढचंही सांगितलं – नव्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला तपासणी.

"आणि उरलेले सात?"

"तुम्ही त्यांच्यात जाऊ नका."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

तिनं पुढची नळी पाण्यात धरली.

तो मुंबईला गेला. विमलनं आलेखाच्या कागदावर शंभर चौकोन आखले, सात काळे केले. कुठले सात, ते ठरेना. खोडलं, पुन्हा आखलं. दार वाजलं की मान वर... रोज.

सात आठवड्यांनी तो दारात उभा राहिला. बारीक झालेला, पण ओठ गुलाबी. तिनं त्याचं रक्त घेतलं, नळी पाण्यात धरली, स्टॉपवॉच सुरू केलं.

"दर महिन्याला यायचं, ते सायखेड्याहूनच..." तो अडखळला, "की तुमच्याच घरून, तुमच्याबरोबर? धोके तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत."

नळीत गुठळी कधीच धरली होती. काटा पळतच होता.

"किती आले?" त्यानं विचारलं.

"घड्याळ थांबवायचं राहिलं," विमल म्हणाली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. "रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

"आणि मी विचारलं ते?"

"ते पुन्हा नको विचारायला. धोके पाठ आहेत मला... तरी, हो."

त्यानं दुसरी बाही वर सारली.