बदामाची सत्ती

बसा पावणं, उन्हातनं आलाय. चा टाकायला सांगतो. त्यो पत्त्यांचा कॅट हातात घेतलाय तर राहू द्या हातात, पर आधी ऐका, मग पिसा. मी काय भुताखेताला मानणारा गडी न्हवं. पंधरा वर्षं पलटणीत काढल्यात.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. औंधाच्या खालतीकडं आमचं गाव, आन् सालोसाल पाऊस न्हाई. हिरीत चिमण्या घरटी करायच्या, एवढ्या कोरड्या. गाव सगळं खडी फोडाय जायचं. मी लढाईतनं पाय मोडून घरी आलेला, मला काय कुणी हातोडा देईना. म्हणून म्हाताऱ्या माणसांची सुकडी, दुष्काळात सरकार खायला वाटायचं ती, घरी पोचवायचं काम माझ्याकडं. त्या दिवशी भर दुपारी साळूकाकीचा डबा घिऊन निघालो.

साळूकाकी म्हंजे किस्नाची आई. कृष्णात नाव त्येचं. आमी दोघं एका गावचे, एका पलटणीतले, एका ताटात जेवणारे. एकाहत्तरच्या लढाईत त्यो गेला, पर सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ असंच आलं. मागनं त्येची काळी ट्रंक आली. तिच्यात ह्यो कॅट.

आमच्या बराकीत एक रिवाज व्हता. पुढं जायचा हुकूम आला की कॅटातलं एक पान काढून खिशात घालायचं. ज्यानं नेलं त्येनं माघारी येऊन ते परत घालायचं. अपुरा कॅट पुरा कराय माणूस येतोच, अशी आमची समजूत. ह्या कॅटातली बदामाची सत्ती किस्नानं नेली, चौकटची दश्शी मी. ट्रंक उघडली तवा माझी दश्शी मी माझ्या हातानं आत घातली. सत्ती कुठनं घालू?

काकीनं इचारलं, “पत्रात लिव्हायचा, एकटाच पत्ते खेळत बसतो म्हणून. एकट्यानं काय खेळायचा रं ह्यो?”

मग मी तिला पेशन शिकवला, एकट्यानं खेळायचा डाव. सात रांगा मांडायच्या, काळ्यावर तांबडं उतरतं लावायचं. एक्का निघाला की वर, त्येच्यावर दुर्री, तिर्री, असं राजापत्तूर. चारी राजे वर बसले की डाव सुटला. काकीला अक्षर यायचं न्हाई, पर ठिपके बोटानं मोजायची. मी म्हणायचो, “घाई नगा करू काकी. ज्या रांगंत जास्ती पानं पालथी, ती आधी उघडा. मोकळ्या जागी राजाच बसतो, त्यो हाताशी नसंल तर जागा मोकळी करू नगा.” लय हुशार म्हातारी. म्हैन्याभरात मलाच चुका दाखवाय लागली.

पर एक दिवस बोलून बसली, “ज्या दिवशी डाव सुटंल, त्या दिवशी माझा किस्ना आला म्हणायचं. तवर लीलाच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई.”

लीला म्हंजे किस्नाची बायको. एकवीस वर्सांची पोर. सवाष्ण न्हाई, इधवा न्हाई. तिचा बाप दोनदा न्यायला आला, दोन्ही येळा काकीनं माघारी लावला. डाव सुटू दे म्हणाली. आन् सत्तीबिगर डाव सुटायचा न्हाई, हे मला एकट्याला ठावं. तरी मी गप. पोरीचं वाटुळं डोळ्यांनी बघत व्हतो, लाज वाटायची, तरी गप. कारण त्याहून मोठी एक गोष्ट मी गिळून बसलो व्हतो.

तर त्या दुपारी आत गेलो. दार अर्धं लोटलेलं, आत अंधार. काकी जमिनीवर पानं मांडून बसलेली. डबा ठेवला आन् ऐकलं… टप… टप. पाणी ठिबकल्यागत. रांजणाकडं बघितलं, त्यो पालथा घातलेला. मग वास आला. शेवाळाचा, नदीच्या गाळाचा. आमच्या मुलखात दोन वर्सं असला वास न्हाई.

काकीचे बदाम छक्कीपत्तूर वर गेलेले. रांगंत एकच पान पालथं उरलं व्हतं. तिनं ते उचलाय हात घातला, तर ते भुईला चिकटलेलं. नखानं सोडवून उलटं केलं.

बदामाची सत्ती. ओली गच्च.

काकीनं ती छक्कीवर ठेवली. मग अठ्ठी, नव्वी… एकामागनं एक, चारी राजे बसले.

“काकी… मी न्हाई आणली. देवाशप्पथ.”

“ठावं हाय मला. सत्ती न्हाई ह्ये पयल्याच म्हैन्यात कळलं. ठिपके मोजती म्हणून येडी समजलास व्हय?”

“मग खेळत का व्हतासा?”

“डाव सुटत न्हाई तवर माझं पोरगं मेलं असं कुणाला म्हणता येत न्हवतं. मलाबी.” तिनं सत्तीवरनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. “ह्याला पाण्याचा वास येतोय, आकाराम… कुठं सोडलास त्येला?”

मग मी फुटलो. नदी उतरत व्हतो, पाणी गळ्याला. त्येचा हात माझ्या हातात. माझ्या पायाला गोळी लागली आन् मी हात सोडला. डोळ्यांदेखत बुडाला त्यो. साहेबानं इचारलं तवा म्हणालो, दिसला न्हाई. भ्यालो व्हतो. गावात येऊन काय सांगू, हात सोडला म्हणून?

मला वाटलं म्हातारी आता तळतळाट करंल. तिनं माझं डोस्कं मांडीवर घेतलं. “दोन वर्सं एकटाच घिऊन बसलास लेकरा,” म्हणाली, आन् तवा कुठं रडली.

सांजच्याला लीला कामावरनं आली. काकीनं तिला सगळं सोता सांगितलं आन् आठ दिसांत बापाबरोबर धाडली. पुढं तिचा संसार झाला, चांगला झाला. कॅट काकीनं माझ्या हातात दिला. “माझा डाव सुटला,” म्हणाली.

घरी येऊन मोजला. बावन्न पायजेत, भरले एक्कावन्न. सत्ती हाय, ती बघा डागाळलेली. चौकटची दश्शी न्हाई. माझी दश्शी.

काकीनं घेतली न्हाई. ज्यानं नेली, त्येला आमचा रिवाज ठावं हाय. पान नेलं की परत घालाय यायचं. तवापासनं रोज मोजतो, रोज एक्कावन्न. काल सांजंलाबी एक्कावन्नच.

तुमी आत्ता बोलता बोलता मोजताय जणू. किती झाली?

काय म्हणता… बावन्न?

नीट मोजा की पावणं. चौकटची दश्शी वर काढा. हां. माझ्याकडं नगा बघू, पानाकडं बघा… ओली हाय न्हवं?

असू द्या. दार तेवढं लावू नगा. ये रं किस्ना, ये गड्या… ह्या खेपंला हात सोडत न्हाई मी.