इवल्या मुलखातली माणसं

डिंभे धरणात माझा पाय घोट्यापर्यंत बुडाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, धरण फुटलं! खालची गावं वाहून चालली!"

मी दचकून पाय वर घेतला. चप्पल पाण्यातच राहिली. वळून बघते तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दाढीला सिमेंट लागलेला एकजण हसत उभा.

"हसताय काय? काढा की चप्पल!"

"धरणात उतरायला परवानगी लागते, मॅडम."

"माझं आजोळ खऱ्या धरणाखाली गेलंय. मला नाय लागत परवानगी."

त्याचं हसू विरलं. तो वाकला, चप्पल काढली, आपल्या शर्टाला पुसली आणि माझ्या पायाशी अलगद ठेवली. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून ते वाकणं हलेना.

त्याचं नाव गोकुळ. आळे गावचा. अवसरीला इंजिनिअरिंग शिकलेला, पण जीव सगळा मातीत आणि रंगात. दादाभाऊ शेठनी घोडेगाव-शिनोली रस्त्याला 'इवलासा मुलूख' नावाची बाग काढली होती. शिवनेरी, नाणेघाट, लेणी, धरणं – अख्खा जुन्नर-आंबेगाव, माणसाच्या कमरेएवढा. त्यातल्या प्रतिकृती गोकुळच्या हातच्या. आणि मी नूतन – शिनोलीच्या वरच्या डोंगरातल्या वाडीची, बी.ए. झालेली. हातात माईक घेऊन पाहुण्यांना माहिती सांगायचं काम मला मिळालं होतं.

बाग बघता बघता नावारूपाला आली. रविवारी गाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. दुपारी गर्दी ओसरली की गोकुळ हाक मारायचा,

"नूतन, ऊन लागतंय. शिवनेरीच्या सावलीला ये."

"तुझ्या शिवनेरीची सावली माझ्या गुडघ्याला पुरते."

"मग बस की खाली... बसल्यावर पुरेल."

मी बसायचे. तो बुरुजावर ब्रश फिरवायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा. एकदा बुरुज सोडून स्वतःच्याच मनगटावर रंग ओढला त्यानं!

श्रावणात तो म्हणाला, "शेठना डोंगरातली वाडी करायची आहे. तुझी दाखवशील?"

मी त्याला घरी नेलं. आबांनी – माझ्या वडिलांनी, कुशाबांनी – त्याला ओटा, कुडाची भिंत, भाताची कणगी, सगळं दाखवलं. आईनं नाचणीची भाकरी वाढली. "लाजू नगं रं, पोटभर खा," म्हणत तिनं आणखी एक टाकली. उतरताना भुरभुर लागली. आम्ही एकाच इरल्याखाली, आणि तरी दोघांचे बाहेरचे खांदे भिजलेले...

"तुमच्याकडं लई बरं वाटलं," तो म्हणाला.

"मग येत जा."

"कुणाकडं? आबांकडं?"

मी इरलं माझ्याकडे ओढलं. तो पुरता भिजला आणि हसत राहिला.

पुढे वाडीच्या कामाभोवती हिरवी जाळी लागली. गोकुळ मला आत येऊ देईना, नजरही चुकवू लागला. मला वाटलं, मला चकित करायचं असेल. वेडी मी... सुखानं वाट बघत होते.

उद्घाटनाला आमची सगळी वाडी जीप करून आली. आबांनी कडक धुतलेलं धोतर नेसलं होतं. दादाभाऊ शेठनी दोरी ओढली. जाळी खाली पडली.

घरं आमचीच होती. हुबेहूब. आणि घरांपुढे... कमरेला पानं गुंडाळलेल्या, काळ्याकुट्ट रंगवलेल्या बाहुल्या. गड्यांच्या गळ्यात हाडं, हातात भाले. बाया छातीला उघड्या. वर पाटी – 'रानातली माणसं'. शेठनी बटण दाबलं, ढोल वाजला आणि त्या बाहुल्या जाळाभोवती गरगर फिरू लागल्या.

लोक खदखदा हसले. कुणीतरी तोंडावर हात मारून आरोळ्या ठोकल्या. मोबाईल वर झाले.

माईक माझ्या हातात होता. माहिती मीच सांगायची होती. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

"नूतन," आबांनी हळूच विचारलं, "ही आपलीच वाडी ना?"

"हो, आबा."

"मंग ही माणसं कोण?"

मी माईक खाली घेतला.

आबांनी बाहुल्यांपुढं बांधलेला दोर ओलांडला. खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि त्या उघड्या बायांवर पांघरला. पंच्याखाली त्या फिरतच राहिल्या... हसणं मात्र थांबलं. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मी गोकुळकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तू केल्यास?"

"शेठ म्हणाले, लोकांना असंच बघायला आवडतं... मी नको म्हणालो होतो, नूतन."

"आणि मग?"

"...मग केल्या."

"आमच्या घरी जेवून?"

माईक त्याच्या हातात देऊन मी आबांच्या मागोमाग चालू लागले.

आबांचा तो व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. डोंगरातली गावं बागेच्या फाटकाशी येऊन बसली. टीव्हीवाले आले. कुणी म्हणे, बाहुल्यांवरून एवढं काय; कुणी म्हणे, आमच्या पोरांचा रोजगार बुडवता. घोडेगावात बैठक झाली. तिथं दादाभाऊ शेठ शांतपणे म्हणाले, "वाडीनं स्वतः संमती दिली होती. आमचा कलाकार त्यांच्यातच जाऊन आला."

मी थक्क झाले. एवढं धडधडीत खोटं!

तेवढ्यात मागून गोकुळ उठला. "कुणी संमती दिली न्हाई. बाहुल्या मी केल्या. खोट्या हाईत हे ठाऊक असून केल्या. या माणसांनी मला जेवू घातलं व्हतं."

शेठचा चेहरा उतरला. मला हे अपेक्षितच नव्हतं... तरीही मी त्याच्याजवळ गेले नाही.

त्याची नोकरी गेली. बाग दिवाळीआधीच बंद पडली. किल्ल्यांवर गवत माजलं. आळ्यात गोकुळला लोक फितूर म्हणू लागले, असं कानावर आलं.

भाताची झोडणी चालू होती, तेव्हा तो चालत डोंगर चढून आला. सरळ खळ्यावर, आबांसमोर उभा राहिला.

"बाहुल्या करताना आमची तोंडं आठवली न्हाईत का रं?" आबांनी विचारलं.

"आठवली व्हती."

"मंग?"

"भ्यालो, आबा. काम जाईल म्हणून."

आबांनी हातातली पेंढी झोडून बाजूला टाकली. मग म्हणाले, "खरं बोलाया उशीर केलास. पर बोललास." आणि त्याच्या हातात एक पेंढी दिली.

संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्याचे तळहात सोलवटले होते, केसांत भाताचा भुसा.

"नूतन... माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे सांगायचा हक्क उरलाय का, ठाऊक नाही."

"मला अजून राग आहे," मी म्हणाले.

"किती?"

"लई."

"कमी झाला, तर कळवशील?"

"कळवणार नाही." मी तांब्या त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली, आणि मी ती सोडवून घेतली नाही... "तुलाच रोज येऊन बघावं लागेल."