तोंड नसलेले जीव

दातांच्या डॉक्टरांचा तो चिमुकला आरसा तोंडात घालण्याआधी कोमट पाण्यात बुडवायचा असतो. नाहीतर पेशंटच्या श्वासाने त्यावर वाफ धरते आणि दाढेऐवजी धुकं तपासत बसावं लागतं. या डॉक्टरच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी चहा ढवळायच्या आधीसुद्धा तो चमचा गरम पाण्यातून काढायचा. बायको त्याची यथेच्छ टिंगल करायची.

तीही काही कमी नव्हती म्हणा. ध्रुवाजवळच्या गोठणाऱ्या समुद्रात तळाला भेगा असतात, त्यांतून मिथेन वायू बुडबुडत वर येतो, आणि भोवतीच्या चिखलात किडे राहतात. बाईसाहेबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या किड्यांवर घालवली होती. दवाखान्यातल्या मदतनीस बाई तिला किडेताई म्हणायच्या, तेही तोंडावर.

"त्यांना तोंड नसतं, पोट नसतं," ऐन जेवताना ती रंगात येऊन सांगायची. "अंगात जंतू पाळलेले असतात. जंतू त्या वायूवर जगतात आणि किडा जंतूंवर. चावणं नाही, गिळणं नाही. अंधारात, थंडीत, चिखलात खोल मुळ्या सोडून नुसतं उभं राहायचं. शेकडो वर्षं जगतात काही काही."

"म्हणजे माझा धंदा बसला," डॉक्टर म्हणायचा. मग दोघंही हसायची आणि ती त्याच्या ताटातलं उचलून खायची. खाण्याच्या बाबतीत ती फार हावरी होती.

यंदाच्या सफरीवरून परतली ती मात्र गप्प गप्प. आल्या आल्या दाढ ठणकते म्हणाली, म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवून तपासलं. दाढेला काही झालेलं नव्हतं. मग जेवणावरची वासना उडाली. पानावर बसायची, अन्न चिवडायची, उठायची. त्याने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांतून काही निघालं नाही. वजनही उतरत नव्हतं, उलट चेहऱ्यावर तुकतुकी आली होती.

"बोटीवरचं खाऊन वीट आलाय रे. येईल भूक," ती म्हणायची.

भूक आली नाही. लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी हा माणूस बायकोवर वेड्यासारखा जीव टाकत होता, आणि आता त्याचं एकच मागणं उरलं होतं, की तिने खावं. शेवटी तो स्वतः भरवू लागला. लहान मुलासारखे एकेक घास. ती मुकाट्याने तोंड उघडायची, जबडा हलवायची, त्याच्याकडे बघून हसायची. त्याचा जीव भांड्यात पडला.

याच सुमारास स्वयंपाकघरात गॅसचा वास यायला लागला. मेकॅनिकने येऊन प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला.

"लाईन ठणठणीत आहे साहेब. शेगडीचं बटण कोणीतरी जरासं सोडून ठेवतंय."

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. ती शेगडीच्या ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसली होती. हल्ली ती तिथेच बसायची.

"राहिलं असेल चुकून," ती म्हणाली.

तिचं तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, हे त्याला भरवतानाच जाणवलं होतं. समजूत घालून त्याने तिला दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ, बाहेर पेशंट नव्हते. त्यात नेमका गिझर बंद पडलेला.

"कोमट पाणी नाहीये डॉक्टर," मदतनीस बाई म्हणाल्या.

"चालेल तसंच," असं म्हणून त्याने कोरडा आरसा तिच्या तोंडात घातला आणि सवयीने वाफ धरायची वाट पाहिली.

वाफ धरलीच नाही.

"श्वास घे ना."

"घेतेय की."

आरसा लख्ख होता. बोटांना मात्र गारवा लागला, फ्रीजचं दार उघडल्यावर लागतो तसा. हातमोज्यातूनही तो जाणवत होता. आल्या आल्या तपासलं तेव्हा त्याने आरसा नीट कोमट करून घेतला होता. वाफ धरणारच नाही अशा बेताने. म्हणजे हे कधीपासून चाललं होतं, ते कळायचा मार्गच त्याने आपल्या हाताने बुजवला होता.

त्याने गाल बाजूला ओढला. आत हिरडीच्या कडेने त्याने भरवलेले घास ओळीने ठेवलेले होते. एकही चावलेला नव्हता. एकही नासलेला नव्हता.

"टाकवेनात," ती हळूच म्हणाली. "इतक्या मायेने देतोस."

त्याने दिवा खाली ओढला, जीभ दाबली. पडजिभेच्या मागे घसा असायला हवा होता. तिथे गुलाबी, गुळगुळीत, निरोगी मांस होतं. सपाट. कुठे शिवण नाही, फट नाही.

मग ही बोलते कुठून, असं त्याला विचारायचं होतं. विचारायची हिंमत झाली नाही. बाईंनी एकदाच वाकून पाहिलं, एप्रन काढून खुंटीला लावला आणि त्या घरी गेल्या. पुन्हा कामावर आल्या नाहीत.

घरी येऊन त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर पाइपने येणाऱ्या गॅसचा मुख्य कॉक बंद केला. तोही मिथेनच. ती रुसली नाही, हट्ट केला नाही. ओट्याखाली तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांचा रंग गेला. मग डोळ्यांवर साय आल्यासारखी दिसू लागली. हाक मारली की ती ओ द्यायची, पण प्रत्येक वेळी जरा उशिरा.

"सोड ना रे थोडा," ती एवढंच म्हणाली.

त्याने दात आवळून कळ काढली. पण डोळ्यांदेखत ती विझताना पाहणं त्याच्याच्याने होईना. शेवटी त्यानेच कॉक उघडला, बटण सोडलं आणि तिच्यासमोर बसून राहिला. हळूहळू तिच्या गालांवर रंग चढला. डोळे स्वच्छ झाले. तिने त्याचा हात धरला, आणि तो हात बर्फासारखा असूनही डॉक्टर ढसाढसा रडला.

त्यानंतर सगळी व्यवस्था त्याने स्वतः केली. एक ठिणगी पडली तर काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने सगळे बल्ब काढले, फ्रीज बंद केला, दारावरच्या घंटीची वायर तोडली. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. स्वतःचं जेवण बाहेरच कुठेतरी उभ्या उभ्या उरकायचं आणि घरी येऊन जमेल तितका वेळ तिच्याजवळ बसायचं. डोकं भणभणलं की गच्चीत जायचं, पुन्हा यायचं. घर दिवसेंदिवस गार आणि अंधारं होत गेलं. ती म्हणायची, "आता बरं वाटतंय."

एका संध्याकाळी त्याला राहवेना. इतके दिवस ती फरशीवर बसलीये, निदान गादीवर तरी निजवावी, म्हणून त्याने तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेला.

ती उचलली जाईना.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "दुखतं."

त्याने हात काढून घेतले. साडी सरकवून फरशी पाहण्याचं धाडस त्याला झालं नाही. तिच्या खांद्यावर शाल घातली आणि तो बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला.

सकाळी दार ठोठावल्याचा आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. हातात केराची सुपली.

"स्वयंपाकघरात कुंडी ठेवलीत का हो तुम्ही? आमच्या छतातून मुळ्या उतरल्यात. ओट्यावर लोंबत होत्या मेल्या."

डॉक्टरने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"रागवायला नाही आले मी, आता साफ केलंय सगळं. कात्रीने कापल्या. म्हटलं, तुम्हाला सांगून ठेवावं."

"सगळ्या?"

"सगळ्या. एक तेवढी जाड होती, सुरी घ्यावी लागली." काकूंनी सुपली पुढे केली. "हात लावून बघा डॉक्टर, अजून गरम आहे."