मावलीच्या हातातला धोटा

तो करवत घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. विणत काहीच नव्हते. नुसती बसले होते... हटून!

"इनास विणकराचं घर हेच ना?" दारातून आवाज आला. "माग न्यायला आलोय."

"माग जागेवर हाय," मी म्हटलं, "आणि मी पण जागेवरच हाय. आधी मना उचल, मग माग उचल."

वाटलं, आता हा चिडेल. पण तो वाकून आत आला, करवत भिंतीला टेकवली आणि चक्क हसला. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्याला. मेल्याचं हसू चांगलं होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

ठाण्याच्या आमच्या मागवाड्यात एके काळी घराघरात माग होता. उजाडल्यापासून खट-खट, खट-खट. मग मुंबईत गिरण्या धूर ओकू लागल्या, आगगाडीतून विलायती कापडाचे गठ्ठे उतरू लागले, आणि एकेक माग गप्प झाला. कुणाच्या मागाच्या लाकडाचा गोठा झाला, कुणाच्या मागावर भात शिजला. उरला होता तो आमचा, शेवटचा. अशात देवळातल्या मारिया मावलीच्या जुन्या मूर्तीला वाळवी लागली. आम्ही ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतो. देवळाचे कारभारी दुमिंगकाका माझ्या बाला म्हणाले, "इनास, तुझा माग तसाही बंद. त्याचं सागवान दे. तिच्या सणाआधी नवी मावली घडवू." देवाचं नाव निघालं की माझा बा लोण्यासारखा विरघळतो. तो हो म्हणून मोकळा झाला. मला विचारलं कुणी? छे!

आणि मूर्ती घडवायला वसईहून बोलावला होता, तो हा. पायस.

"हात लावू का?" त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत तो खाली बसला आणि मागाच्या तुरीवरून, म्हणजे कापड गुंडाळायच्या त्या जाड आडव्या लाकडावरून, तळवा फिरवू लागला. "कुणी बसवलेला?"

"माझ्या आज्याच्या आज्यानं."

"तरीच... हात लागून लागून असा झालाय. रंधा मारून असं लाकूड नाय मिळत, बाय."

कितीतरी दिवसांत आमच्या मागाबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. माझा राग थोडा उतरला. थोडाच हं!

"काय घडवणार यातून?"

त्यानं कागद उलगडला. दुमिंगकाकांनी दिलेलं चित्र. मुंबईच्या मोठ्या देवळातल्यासारखी गोरीपान मावली, हातात पांढरं फूल.

"हे कुठलं फूल?"

"लिली म्हणतात."

"ठाण्यात उगवतं?"

"मी तरी नाय बघितलं."

"मग आमच्या मावलीच्या हातात कशाला? तिच्या हातात धोटा दे." मी बाजूला पडलेला धोटा उचलून त्याच्यापुढे नाचवला. "बाण्याचा आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकाला धावलाय हा, पिढ्यान्‌पिढ्या. यावर गाव जगलं आमचं."

तो हसायला गेला, पण माझं तोंड बघून थांबला.

"दुमिंगकाका मना खाडीत बुडवतील."

"वसईचा ना तू? पोहायला येत नाय?"

"येतं की."

"मग भितोस कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "देतो."

तेव्हा कुठे मी खड्ड्यातून उठले. पण त्याआधी मागाची फणी सोडवून घेतली. ताण्याचे धागे ज्या दातांतून जातात, ती. विणकराचा एक नेम असतो. माग कधी उघडा करायचा नाही. जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवायची आणि नवा ताणा त्यांनाच गाठायचा. म्हणजे आज्याच्या आज्यापासून धागा कधी तुटलेलाच नाही.

"ही नाय मिळणार," मी फणी छातीशी धरून म्हटलं.

"मागितली कुणी?" तो म्हणाला, आणि पुन्हा तेच हसला.

देवळामागच्या झावळ्यांच्या मांडवात काम सुरू झालं. मी रोज जायचे. कधी तांदळाची भाकर आणि सुका बोंबील घेऊन, तर कधी नुसतंच भांडण घेऊन. एकदा बघते तर लाकडावर कोळशानं त्यानं हात काढलेला. मूठ आवळलेली!

"हे काय? मावलीनं बाजारात बोईट मासा धरलाय का?"

"मग कसा धरतात?"

"धरत नाय. सोडायच्या बेतात असतो तो." मी धोटा त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून वळवली. खरबरीत हात. माझे तरी कुठे मऊ होते?

"एवढा सैल?"

"घट्ट धरलास तर जाईल कसा?"

"आणि गेला तर...?"

"पलीकडे दुसरा हात असतो की झेलायला," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

झावळ्यांवर सर वाजत होती. तो हळूच म्हणाला, "एमिलिया, आता सोड... नायतर आज काम व्हायचं नाय."

"मी कुठे धरलाय?"

"मग कुणी धरलाय?"

त्यानंतर मी भाकर मोडू दे की वेणी घालू दे, ह्याची नजर माझ्या हातांवर. "काय बघतोस रे?" म्हटलं, की मान खाली घालून म्हणायचा, "काम करतोय."

सणाच्या आदल्या दिवशी दुमिंगकाका मांडवात आले. मूर्ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धोटा? अरे, आधीच हसतात लोक आपल्याला, खड्ड्यात बसणारे म्हणून! त्या खड्ड्यातून वर यायला मी जन्म घालवला, रेल्वेत नोकरी धरली. आणि तुम्ही मावलीलाच त्यात बसवता?"

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"उद्या सकाळपर्यंत हात बदल," ते पायसला म्हणाले. "नाहीतर मूर्ती वेदीवर चढणार नाही, आणि या खाडीकाठी तुला परत काम मिळणार नाही."

मूर्तीचे हात निराळे घडवतात आणि खुंटीनं बसवतात, हे सगळ्यांना ठाऊक. एक काढायचा, दुसरा ठोकायचा. वेळ तो कितीसा लागणार?

"बरं," पायस म्हणाला.

बरं! एवढंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"घाबरलास ना?"

"एमिलिया, ऐक तर..."

"जा, बुड खाडीत!" मी म्हटलं आणि तरातरा घरी आले. उशीत तोंड खुपसून रडलेसुद्धा. मागासाठी की त्याच्यासाठी, ते मला विचारू नका.

सणाच्या सकाळी देवळामागच्या अंगणात, मांडवाशेजारी मावली झाकून ठेवली होती. आमच्या मागाच्या शेवटच्या रेशमानं. ते वस्त्र मागवाड्याच्या लेकीनंच उतरवायचं, हा आमचा मान. क्षणभर वाटलं, जाऊच नये. मग म्हटलं, तोंड मी का लपवू? लाल लुगडं नेसले, मान ताठ केली, पायसकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि वस्त्र ओढलं.

धोटा होता! बोटांत सैलसा... आत्ता सुटेल असा.

दुमिंगकाका लालबुंद झाले. "पायस, काढ तो हात!"

"तुमीच काढा, काका," तो शांतपणे म्हणाला.

काकांनी मावलीचं मनगट धरलं आणि खुंटी उपसावी तसं पिळलं. हलेना. पुन्हा पिळलं. कपाळावर घाम आला.

"नाय निघायचा," पायस म्हणाला. "जोडलेलाच नाय. डोक्यापासून पायापर्यंत मागाच्या तुरीचं एकच लाकूड हाय. धोटा नको, तर मावलीचा हात कापायला लागंल."

म्हणजे ते 'बरं' हे होतं तर! माझे डोळे भरून आले, पण रडायला वेळ कुणाला होता? मांडवाच्या खांबाला त्याची करवत टेकलेली होती. मी ती उचलली आणि दुमिंगकाकांपुढे धरली.

"घ्या, काका. तुमच्या आज्याच्या हातात पण हाच असायचा. कापा."

मग गर्दीतून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. दुमिंगकाकांची आई. तिनं धोट्याला बोटं लावली, ती ओठांना लावली आणि म्हणाली, "किती वर्सांनी दिसला रे, दुमिंग..."

काकांनी करवत घेतली नाही. आईचा हात धरला. मग बसक्या आवाजात म्हणाले, "उचला मावलीला."

सगळा मागवाडा पुढे धावला. माझ्या बाची नजर अधू, तो मूर्ती हातांनीच बघत होता. मावलीच्या पहिल्या बोटावर येऊन थांबला. धागा ओढून ओढून पडते ना, तशी खाच होती तिथे.

"अगं, हा तर माझ्या पोरीचा हात!"

सगळे हसले. माझं तोंड लुगड्याहून लाल. बा पायसकडे वळला, "पोरा, आख्ख्या गावासमोर माझ्या पोरीचा हात मांडून ठेवलास. आता काय करायचं?"

"ती म्हणंल ते," पायस म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते. "मना तर ती पहिल्या दिवसापासूनच... खड्ड्यात बसलेली होती ना, तवापासून आवडते."

"येईन वसईला," मी म्हटलं. "पण माग घेऊन."

"माग तर मी कापला गं!"

"तू कापलास, तूच बांध. उरलंय ना लाकूड?"

"आणि रेशीम घेणार कोण? एवढ्या गिरण्या..."

"कुणी नाय घेतलं तर मी नेसेन!"

त्यानं बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "खड्डा किती खोल खणू?"

लग्न झालं आणि मी होडीतून वसईला गेले, मांडीवर फणी घेऊन. नव्या मागावर पहिला ताणा मी त्या जुन्या टोकांनाच गाठला. तसा धोटा सोडायला एक हात आणि झेलायला दुसरा, दोन्ही विणकराचेच असतात. पण त्या दिवशी पायस खड्ड्यात माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसला होता. मी धोटा सोडला... आणि पलीकडे त्याचा हात होता.