पेन्सिलीखालचा नंबर

जुन्या गाड्यांची कुंडली काढणं हा काकांचा धंदा. सगळे त्यांना नंबरवाले काकाच म्हणत. कागद काय, वाटेल ते बोलतात. खरं बोलते ती चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा, असं त्यांचं ठाम मत.

त्या दुपारी गॅरेजवाल्याने एक लाल, बिनटपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार तपासायला ठेवली होती. गाडी ठोकळ्यांवर, इंजिन बाजूला उतरवलेलं. कागदांवर तीन मालक. एकानेही ती वर्षभर ठेवलेली नव्हती.

जवळच स्टुलावर एक म्हातारी बसली होती. तीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा असल्याच गाडीतून फिरायला म्हणून गेला, तो गेलाच. ना तो सापडला, ना गाडी. तेव्हापासून तिने रात्री दाराला कडी लावली नव्हती, आणि अशी गाडी कुठे आली असं कानावर पडलं, की ती त्याच्या गाडीचं नोंदणीपुस्तक घेऊन हजर व्हायची.

"नंबर जुळत नाही, आजी," कागद पाहून काका म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे असेल तो कुठेतरी."

तिथेच थांबले असते तर! पण हाताची सवय कुठे जाते? काकांनी चासीवर कोरा कागद धरून पेन्सिल आडवी घासली. ठोकलेला नंबर उमटला. त्याच्याखाली, घासून काढलेला दुसरा नंबरही पुसटसा वर आला, आजींच्या पुस्तकातलाच. खोटं बोलावं असं काकांना जन्मात पहिल्यांदा वाटलं, पण तिने कागद ओढून घेतला होता. एकेका आकड्यावर बोट ठेवून तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"जीव असेतो ही गाडी त्याने कुणाला दिली नसती हो..."

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"मी बसू जरा आत? चल आई, एक चक्कर मारू, म्हणायचा. मला मेलीला कामातून सवडच नव्हती."

ती चालकाच्या शेजारच्या सीटवर बसली. शटर खाली होतं, पंखा बंद. आधी तिच्या कपाळावरची एक बट हलली. मग सगळे पांढरे केस सपासप मागे उडू लागले.

"हळू रे..." ती रिकाम्या सीटकडे पाहून म्हणाली.

काका जागच्या जागी थिजले. ओल्या मातीचा वास आला, पाठोपाठ साचलेल्या पाण्याचा. आणि केस एकदम खाली पडले.

"आजी...?"

"दगडाची खाण आहे. पाण्याने भरलेली," ती शांतपणे म्हणाली. "तिथे उतरवलं त्याला... म्हणाला, आई, आता रात्री दाराला कडी लावत जा."

तिने चष्मा काढून काकांच्या हातात दिला. बाहेर रणरणतं ऊन होतं. काचा बाहेरच्या बाजूने भिजलेल्या होत्या, आणि एका काचेला ओलं शेवाळ चिकटलं होतं.