आधी शपथ कुणाची?

कडी बाहेरून लावलेली होती. भैरवीनं ती काढली, तेव्हा वकिलांचे काळे गाऊन ठेवायच्या खोलीत ओवी घामाघूम उभी होती. दार ठोकून तिचे तळवे लाल झाले होते.

बेळगावच्या त्या लॉ कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांचं 'सर्वोच्च न्यायालय' भरतं. सरन्यायाधीशापासून वकिलांपर्यंत सगळी मुलंच. आज दोन नव्या न्यायमूर्तींचा शपथविधी होता. आधी ओवी, मग भैरवी. दोघी निपाणीच्या बालमैत्रिणी. पुकारा झाला आणि ओवी गायब! म्हणून भैरवीनं आधी शपथ घेतली, ओवीनं नंतर.

"दोघी न्यायमूर्ती झाल्या की! मग बिघडलं काय?" सगळे म्हणाले. राज्यघटना शिकवणाऱ्या चौगुले मॅडमना मात्र ते पटेना. त्यांनी आधी धवलला बोलावलं. निवडीत ओवीपुढं हरल्यापासून तो धुमसत होता.

"कडी तू लावलीस?"

"न्हाय मॅडम. जळतोय तिच्यावर, लई जळतोय. पण मी कोंडली असती, तर शपथविधी संपेस्तवर सोडली नसती."

मॅडमना हसू आलं. पोरगं जळकं होतं, पण खरं बोलत होतं. मग त्या ओवीशेजारी उभ्या असलेल्या भैरवीकडं वळल्या.

"भैरवी, तू कधी शोधायला गेलीस?"

"पुकारा झाला, ही दिसंना. जीव घाबरला माझा. शपथ झाल्या झाल्या पळत आलते."

मॅडमनी मान हलवली.

"धवलला ओवी न्यायमूर्तीच व्हायला नको होती. कडी लावणाऱ्याला ती फक्त मागं पडायला हवी होती. दिल्लीच्या खऱ्या सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठता वयावर ठरत नाही. एकाच दिवशी शपथ घेतली, तरी आधी घेईल तो ज्येष्ठ. सरन्यायाधीश निवृत्त झाले की प्रथेनं खुर्ची ज्येष्ठाला. मग कुठला खटला कुणापुढं, ते तोच ठरवणार. आपल्याकडंही हाच नियम. जीव घाबरला होता ना, भैरवी? मग आधी शपथ घेतलीस आणि नंतर मैत्रीण शोधलीस?"

भैरवीचा चेहरा उतरला.

"व्हय, मीच लावली कडी. शाळेपासनं पयलं नाव हिचंच. मला कोण वळखतं? ओवीची मैत्रीण म्हणून!"

ओवीचे डोळे भरले. "एकदा बोलायचं हुतंस गं. मी आपणहून मागं थांबले असते."

"तेच नको हुतं मला," भैरवी म्हणाली. "तू दिलेलं."