मडक्यावरची नाव

त्या दुपारी शिकागोत बर्फ पडत होता. नेपरव्हिलहून येणारी ट्रेन उशिरा आली. मी म्युझियमच्या लॅबमध्ये पोचले तेव्हा यतीनने मडकं टेबलावर काढून ठेवलं होतं. जुन्या वस्तूंची डागडुजी हे आम्हा दोघांचं काम.

"शरयू, रिपोर्ट आला," तो म्हणाला. "मडकं इजिप्तचंच आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचं. चित्र मात्र फेक. रंग शंभर वर्षांचाही नाही. लवकर विकलं जावं म्हणून कुणीतरी काढलंय. आज पुसून टाकायचं."

चित्रात एक लांब नाव होती, वल्ही मारणारी माणसं होती आणि टोकाला एक पाठमोरी बाई.

मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवून पहिला माणूस पुसला. मडक्याच्या आत पाणी हललं... अगदी हळू, काठाला लागावं तसं. वाकून पाहिलं. आत कोरडं होतं. दुसरा पुसला. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता आणि माझ्या नाकात उन्हात तापलेल्या गाळाचा वास. भीती नाही वाटली, खरं सांगते. डोळे जड झाले, स्टूल मंद डोलायला लागलं, जवळच कुणीतरी एका लयीत श्वास टाकत होतं. असंच जात राहावं, असं वाटलं.

नाव रिकामी झाली. उरली फक्त ती बाई. तिची मान मघापेक्षा जराशी वळलेली दिसली.

"यतीन... हिला नको पुसूया."

"झोप झाली नाही यार तुझी. जा, कॉफी घेऊन ये. मी फिनिश करतो."

मी गेले आणि लगेच परतले. मडकं स्वच्छ झालं होतं, लालसर, उघडं. यतीन टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. त्याचे ओठ उन्हाने फुटावेत तसे फुटले होते.

"यतीन?"

ओळख पटायला वेळ लागावा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तू अजून इथेच..." तो घोगऱ्या आवाजात पुटपुटला. मग म्हणाला, "ती उतरली का गं?"

"कोण?"

त्याची बोटं कडेवरून सुटत नव्हती. मी एकेक सोडवलं, हातमोजे ओढून काढले. मोजे धड होते. आत बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. ताजे फोड नव्हेत... वर्षानुवर्षं वल्हं मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे, पिवळे, टणक.